शेजारचा ब्रेक

माणसांबरोबर त्यांच्या गाड्याही घेऊन जाणारी रात्रीची रेल्वे म्हणजे नेमकं काय प्रकरण असतं, हे ठकीला त्या संध्याकाळपर्यंत धड ठाऊक नव्हतं. तिला आपलं वाटलेलं, एखादी क्रेन येत असेल, गाडी अलगद उचलून ठेवत असेल आणि आपण हात झाडून डब्यात जाऊन बसायचं. कसलं काय! रेल्वेच्या शेपटाला एक लोखंडी उतार लावलेला होता आणि त्यावरून ज्याची त्याने आपापली गाडी वर न्यायची होती. पुढे दुमजली वॅगनींची लांबच लांब रांग, आणि वरच्या मजल्याला दोन्ही बाजूंनी कमरेएवढा कठडा. बस्स.

"म्हणजे त्याच्यावरून मी चालवायची?" ठकीने विचारलं.

"मग काय, ती आपली आपण चढणार?" मास्तर म्हणाले.

मास्तर म्हणजे तिचे वडील. उभा जन्म त्यांनी लोकांना गाडी चालवायला शिकवण्यात घालवला. शहरातले निम्मे ड्रायव्हर त्यांच्या हाताखालून गेलेले, आणि उरलेल्या निम्म्यांना चालवता येत नाही असं त्यांचं ठाम मत. ही करड्या रंगाची ठेंगणी गाडी त्यांच्या शाळेचीच. तिच्यात शेजारच्या सीटपुढे एक जादा ब्रेक होता. शिकणारा गडबडला की मास्तर तिथून दाबणार. त्या एका पेडलाने किती सायकलवाले, किती कुत्री आणि किती भिंती वाचवल्या असतील, देव जाणे.

ठकी ही त्यांची एकुलती एक. चाळिशी उलटली, स्वतःची पोर कॉलेजात जायला लागली, तरी घरात ती ठकीच. पिण्याचं पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत ती कामाला होती, त्यामुळे कुणाच्याही शब्दावर विश्वास ठेवायचा नाही, आधी नमुना घ्यायचा, हे तिच्या अंगात मुरलेलं. लायसन तिने बापाच्याच हाताखाली काढलं आणि कपाटात ठेवून दिलं. कारण एकच. मास्तरांचा पाय. ती चालवायला बसली की गाडीला गचके बसायचे, आणि दर गचक्याला ती ओरडायची, "बाबा, पाय काढा!"

मास्तरांच्या डोळ्यांनी दगा दिला तेव्हा त्यांनी शाळा बंद केली. बघतील तिथे मधोमध धुरकट, कडेचं तेवढं स्पष्ट. "तुझे कान दिसतात गं, तोंड दिसत नाही," ते ठकीला म्हणायचे, "पण तोंड आहे हे ऐकू येतं." त्यानंतर ती माहेरी आली की त्यांना दवाखान्यात, बाजारात तीच न्यायची. जाताना भांडण, येताना भांडण.

आता ते कायमचे लेकीकडे राहायला निघाले होते. घर रिकामं केलं, भांडी वाटून टाकली. राहता राहिली गाडी. मास्तरांना दिसत नाही, ठकीला धड येत नाही. मग ठेवून करायची काय, पूजा? ठकीनेच आपल्या शहरातली एक ड्रायव्हिंग स्कूलवाली शोधली. दुसरा ब्रेक असलेली गाडी म्हटल्यावर ती बाई लगेच तयार झाली. सकाळी स्टेशनवरच येऊन गाडी ताब्यात घेणार होती. मास्तर हो म्हणाले. एका शब्दाने वाद घातला नाही, आणि तेच ठकीला टोचत होतं. ज्या माणसाने दूधवाल्याशीही कधी वादाशिवाय बोलणं केलं नाही, तो गप्प बसला की समजावं, काहीतरी बिनसलंय. त्यांची एकच अट होती. गाडी आपल्याबरोबर न्यायची, दुसऱ्या कुणाच्या हाती पाठवायची नाही. म्हणून ही रेल्वे.

रांग पुढे सरकत होती. टोकाला एक शिटीवाला उभा होता, चमकणारं जाकीट घातलेला, गालांचे फुगे झालेला. टांगलेल्या दांडीखालून एकेक गाडी नेऊन तो उंची बघत होता. उंच गाड्या खालच्या मजल्यावर, ठेंगण्या वर.

"कारण काय असेल?" मास्तरांनी खिडकीतून कान बाहेर काढून विचारलं. "जडपणा खाली राहावा म्हणून, की वर पुलांना टक्कर नको म्हणून?"

"दोन्ही, आजोबा," शिटीवाला म्हणाला. "अलार्म आहे का गाडीत? असेल तर बंद करा. नाहीतर हादऱ्यांनी रात्रभर बोंबलत बसते."

"हिला असले चोचले नाहीत," मास्तर जरा फुगूनच म्हणाले.

"मग तुम्ही उतरा. वर नेताना आत एकटा चालवणाराच पाहिजे. ताई, तुमची ठेंगणी आहे आणि वरच्या मजल्यावर तुम्ही पहिल्या. पार शेवटच्या वॅगनपर्यंत जायचं. सकाळी तोंड न फिरवता पलीकडच्या टोकाने बाहेर पडायचं, तुम्हीच पहिल्या."

"आणि मी निघाले नाही तर?"

"तर तुमच्यामागचा एकही निघत नाही," शिटीवाला हसत म्हणाला. ठकीला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

मास्तर उतरले, काठी टेकत बाजूला झाले. जाताना एवढंच म्हणाले, "लांब बघ. चाकाकडे बघू नकोस."

ठकीने गाडी उतारावर घातली. लोखंड खडखडलं, समोर नुसतं आभाळ दिसायला लागलं आणि अर्ध्यावर गाडीने असा काही गचका खाल्ला की ठकीचं नाक स्टिअरिंगला टेकायचं बाकी राहिलं.

"बाबा, पाय काढा!" ती ओरडली.

ओरडली आणि शेजारी पाहिलं. सीट रिकामी. वर मास्तरांची टोपी तेवढी पडलेली.

खाली शिटी वाजत होती. ठकीने मुकाट्याने गाडी पुन्हा चालू केली आणि वर नेली. एका वॅगनवरून दुसरीवर जाताना मधल्या पत्र्यांवर चाकं धडाड धडाड वाजायची. शेवटच्या वॅगनला पोचली, पहिला गिअर टाकला, हँडब्रेक ओढला. एक माणूस येऊन चाकांना लोखंडी अडसर लावून पट्टे आवळू लागला. आता उतरायला हवं होतं. पण नमुना घेतल्याशिवाय ही बाई कुठली उतरते! ती वाकली आणि शेजारचं पेडल हाताने दाबलं. ते सरळ खाली गेलं, जमिनीला टेकलं आणि तिथेच लोळत पडलं. त्याला कसलाही जोर नव्हता. पुन्हा उचललं, पुन्हा दाबलं. तेच.

"ताई, उतरा आता," पट्टेवाला म्हणाला. "सकाळपर्यंत गाडीकडे फिरकता येणार नाही. काही राहिलं नाही ना आत?"

"टोपी," ठकी म्हणाली आणि टोपी उचलून अरुंद फळीवरून अंग चोरत खाली आली.

जेवणाच्या डब्यात मास्तर खुशीत होते. सूप निवून गेलं तरी त्यांचं लक्ष नाही. मीठदाणीची वॅगन केली, साखरेच्या पुड्यांच्या मोटारी केल्या. पहिली शिरलेली पहिली बाहेर, म्हणजे कुणाला उलटं यायला नको, काय डोकं आहे बघ! मग पट्टे चाकांनाच का आवळतात? ठकीने पाहिलं होतं तेवढं सांगितलं. "म्हणजे गाडीचं अंग मोकळं डुलू देतात, पाय तेवढे धरतात," मास्तर म्हणाले. "तेच बरोबर. अंग आवळलं की काहीतरी तुटतं."

ठकी त्यांचे पाय बघत होती. टेबलाखाली जुन्या बुटांतले ते दोन पाय एकमेकांशेजारी शहाण्यासारखे ठेवलेले.

"बाबा, आज स्टेशनला येताना पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर ब्रेक कुणी मारला?"

"मी," मास्तर म्हणाले. "चुकलं गं. सवय जात नाही."

हे ते नेहमीच म्हणायचे. आज मात्र ठकीचा घास तोंडातच फिरत राहिला. पेडल तर मेलेलं! मग एक तर यांना ते ठाऊक नाही, त्याला मूळ ब्रेकशी जोडणारी तार कधीतरी तुटली असणार आणि हे बिचारे नुसतेच पाय आपटत असणार. नाहीतर यांना ठाऊक आहे. पण ठाऊक असेल तर खोटं कशाला बोलतील? शिष्याने इंडिकेटर न देता वळलो असं कबूल केलं नाही म्हणून त्याला चालत घरी पाठवणारा हा माणूस.

"गाडी शेवटची तपासून कधी घेतली होती?" तिने आडून विचारलं.

"सूप पी," मास्तर म्हणाले. "ते त्याहून जुनं होत चाललंय."

ताकास तूर लागू देईनात. ठकीने विषय सोडला. पहिलंच खरं असणार, तिने ठरवलं. दिसत नाही, घर गेलं, शाळा गेली. निदान आपल्या पायाखाली एक ब्रेक आहे एवढी तरी म्हाताऱ्याची समजूत असू दे. उद्या गाडीच जाणार, मग कळायचा प्रश्नच नाही. तिला त्यांची इतकी कणव आली की स्वतःच्या वाटणीचा केकही तिने त्यांच्यापुढे सरकवला.

एक गोष्ट मात्र तिला झोपताना छळत राहिली. उतारावरचा तो गचका. तो तर सोळा आणे तिचाच होता. मग बाकीचे कुणाचे? नाचता येईना, अंगण वाकडं. आपण इतकी वर्षं त्या बापड्या पेडलाला शिव्या घालत होतो की काय?

सकाळी ती वरच्या फळीवर पोचली तेव्हा पट्टे सुटलेले होते. आरशात मागे गाड्यांची रांग, सगळ्यांची इंजिनं चालू, सगळ्यांचे डोळे तिच्या पाठीला. खाली आता एक शिटीवाली होती. तिने हात हलवला. ठकीने किल्ली फिरवली. लांब बघ, चाकाकडे नको. उतार खाली झुकला तसा तिचा पाय ब्रेकवर गेला, आणि हा पाय माझा आहे, दुसऱ्या कुणाचा नाही, हे तिला आयुष्यात पहिल्यांदा कळत होतं. म्हणून असेल, तो हळू गेला. गाडी लोण्यासारखी खाली उतरली. मागचे भराभर निघून गेले. कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. चांगल्या ड्रायव्हरकडे कुणी बघत नाही, हे मास्तरांचंच वाक्य.

मास्तर फाटकाजवळ उभे होते, शेजारी ड्रायव्हिंग स्कूलवाली. भरभक्कम बाई, हातात मोठी पर्स, बोलणं तोडून टाकल्यासारखं. तिने गाडीला एक फेरी मारली, शेजारचं दार उघडलं, वाकून पेडल दाबलं.

"हे तर लोळतंय."

ठकी पटकन पुढे झाली. "कालच्या हादऱ्यांनी तार तुटली असेल," ती घाईघाईने म्हणाली. "कालपर्यंत चांगलं होतं हो! बाबा रोज वापरत होते."

"तुटली नाही," मास्तर म्हणाले. "मी काढलीय. डिकीत आहे, कापडात गुंडाळून. घेणाऱ्याशी खोटं बोलू नये, ठके."

ठकी त्यांच्याकडे वळली. "कधी काढलीत?"

"शाळा बंद केली त्याच आठवड्यात. तूच म्हणाली होतीस ना, ते पेडल आहे तोवर मी चालवणार नाही म्हणून. म्हटलं, आता शिष्य नाहीत, पेडल कशाला हवंय? मेकॅनिकला बोलावून तार काढून टाकली."

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगणारच होतो गं. पण तू पहिल्याच दिवशी चौकात गचकन थांबलीस आणि माझ्या अंगावर आलीस. म्हटलं, आता सांगितलं तर सगळे गचके आपलेच, हे हिला कळणार आणि ही पुन्हा किल्लीला हात लावायची नाही. शिकणाऱ्याला खापर फोडायला एक डोकं लागतं. माझं रिकामंच होतं."

बाईने पर्स या हातातून त्या हातात घेतली. "अहो आजोबा, एक मिनिट. तुम्हाला दिसत नाही. तुमच्या पायाखाली ब्रेक नाही. आणि तुम्ही हिच्या शेजारी बसून गावभर फिरत होतात? मग गाडी थांबवत कोण होतं?"

"ही," मास्तर म्हणाले. "आजवर एकदाही कुणाला धडकली नाही."

ठकीला रडू फुटलं. चार माणसांत, स्टेशनच्या फाटकात, नाकाने सूं सूं करत ती लहान पोरीसारखी रडली. कौतुकाचा एक शब्द या माणसाने कधी काढला नव्हता, आणि इतके दिवस आंधळेपणाने, हात मांडीवर ठेवून, शिव्या खात तिच्या शेजारी बसत होता! "मी एवढी ओरडायचे," ती म्हणाली, "आणि तुम्ही चुकलं म्हणायचात."

"त्यात काय जातंय," मास्तर म्हणाले.

ठकीने डोळे पुसले आणि बाईकडे वळली. "माफ करा हं, पण गाडी द्यायची नाही."

"वा गं वा! भल्या सकाळी उठून आले मी!"

"बरोबर आहे तुमचं," मास्तर घाईने म्हणाले. "रिकाम्या हाताने जाऊ नका. ती तार न्या, पेडलही सोडवून न्या. तार उत्तम आहे. आमच्याकडे आता शिकाऊ कुणी राहिलं नाही."

बाई कुरकुरत, पण घेऊन गेली. मास्तर शेजारी बसले, टोपी घातली, समोरच्या मोकळ्या जागेत त्यांनी पाय ऐसपैस लांब केले. ठकीने गाडी काढली. फाटकातून वळताना एक हमाल आडवा आला आणि तिने गचकन ब्रेक मारला. मास्तरांची टोपी नाकावर आली.

"चुकलं गं," सवयीने त्यांच्या तोंडून निघालं.

"गप्प बसा, बाबा. माझा होता तो," ठकी म्हणाली आणि हमालाला आधी जाऊ दिलं.