नदीपलीकडची विमानं

बाईंनी विमानाच्या पंखावर बोटाच्या पेराने टकटक केली.

"कसा आवाज आला?"

"दाराचा!" मुलं ओरडली.

"येणारच. लाकडी फळ्या आणि त्यावर रंगवलेलं गोणपाट. हे विमान कधी उडलंच नाही. याचं काम एकच, जमिनीवर बसून थापा मारायच्या."

मुलं खिदळली. विमानतळाच्या प्रतीक्षालयात, खुर्च्यांच्या रांगांमागे, हे एकमेव उरलेलं लाकडी विमान जपून ठेवलं होतं. चौथीच्या सहलीबरोबर दर वर्षी बाईच येत. विमान त्यांच्या वडिलांच्या हातचं होतं, आणि त्याची गोष्ट बाईंसारखी दुसऱ्या कुणाला रंगवता येत नसे.

युद्धात इथे लष्कराची धावपट्टी होती. शत्रूची विमानं अंधारात यायची. साहेबाने सुतारमिस्त्रींना बोलावलं आणि खोटी विमानं करून घेतली. ती लांब कुठेतरी मांडायची, भोवती दिवे लावायचे, म्हणजे बॉम्ब तिकडे पडतील आणि खरी विमानं वाचतील.

"साहेब म्हणाला, मिस्त्री, तुम्ही इथले माहीतगार. कुठे मांडू ही? तुमच्या आळीमागचं मैदान बरं दिसतंय." बाई थांबल्या. इथे थांबलं की मुलं श्वास रोखतात, हे त्यांना ठाऊक होतं. "माझे वडील म्हणाले, छे छे साहेब, ते काय कामाचं! नदीपलीकडे मांडा. आणि त्याच आठवड्यात, धडाम्! आपल्या आळीतलं एक कौलसुद्धा हललं नाही."

टाळ्या पडल्या. दोन वेण्यांच्या एका मुलीने मात्र हात वर केला.

"बाई, नदीपलीकडे कोण राहायचं?"

"कोणी नाही गं. नुसता माळ."

हे बाईंना कोणी सांगितलेलं नव्हतं. पहिल्यांदा सांगताना त्यांनीच ते जोडून दिलं असावं. पुढे सांगून सांगून पक्कं झालं.

बाहेर एक विमान उतरत होतं. मुलं काचेकडे धावली. तेव्हा जवळच्या खुर्चीवरचे गृहस्थ हसून म्हणाले, "झकास सांगता हो. मलाही हसू आवरेना."

सत्तरीचे असतील. मांडीवर पिशवी होती.

"तुम्ही इथलेच का?"

"होतो. नदीपलीकडचा."

बाईंचं हसू चेहऱ्यावर तसंच राहून गेलं.

"वीटभट्टीवाल्यांची वस्ती होती आमची. घरं बुटकी, या काठावरून दिसायची नाहीत." चूक घरांचीच असावी अशा सुरात ते बोलत होते. "विमानं आली तेव्हा आम्हां पोरांची काय चंगळ! तुमच्या वडिलांचा हात सुरेख. चाकं खरोखर फिरायची. माझा धाकटा भाऊ तर पंखाखालून हलायला तयार नसे. जेवण तिथे, झोप तिथे."

पुढचं बाईंनी विचारलं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही. पिशवीचा पिळलेला बंद ते सरळ करत राहिले.

"तुमचे वडील कधी पलीकडे आले होते का? नंतर?"

"नाही."

वडील नदी ओलांडतच नसत. पलीकडच्या वखारीत लाकूड स्वस्त, तरी लांबच्या बाजारातून आणत. पूल कच्चा आहे म्हणत. "लष्कराचे ट्रक जातात त्या पुलावरून," आई चिडवायची, "मिस्त्रींचंच काय ते वजन जास्त!" बाईही लहानपणी खो खो हसायच्या. वडील मान खाली घालून रंधा ओढत राहायचे.

"अहो, मला खरंच..." बाई म्हणू लागल्या.

"असू द्या. माझ्या बापाला विचारलं असतं, तर त्यानेही तुमच्या आळीकडेच बोट दाखवलं असतं." घोषणा झाली. खुर्चीचा हात धरून ते उठले. "फक्त माळ म्हणू नका, बाई."

ते रांगेत जाऊन उभे राहिले. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

बाईंना तेव्हाच मुलांना बोलावून खाली बसवता आलं असतं. त्या गृहस्थांना हाक मारता आली असती, या, तुम्हीच सांगा म्हणता आलं असतं. त्याऐवजी बाई मुलांची डोकी मोजत बसल्या. आकडा बरोबर आला, तरी पुन्हा मोजली.

परतीच्या बसमध्ये त्या दाराजवळच्या सीटवर बसल्या. दोन वेण्यांची मुलगी पुढे उभी राहून ड्रायव्हरकाकांना गोष्ट सांगत होती. साहेबाचा आवाज जाड काढत होती, नेमक्या जागी थांबत होती.

"मग मिस्त्री म्हणाले, छे छे साहेब, नदीपलीकडे मांडा!"

"भले! म्हणजे पलीकडच्यांची वाट लावली की," ड्रायव्हर हसला.

"अहो काका, तिथे कोणी नव्हतंच! नुसता माळ. हो ना, बाई?"

गुणी मुलगी. तिने एक शब्दही गाळला नव्हता.

"नाही," बाई म्हणाल्या.

बस चढाला लागली होती. इंजिन घरघरत होतं.

"काय, बाई?" मुलीने कान जवळ आणला. मागच्या सीटवरूनही दोन-तीन डोकी पुढे झाली. "नुसता माळ नव्हता. वस्ती होती," बाई म्हणाल्या. मोठं माणूस सांगत असताना मध्ये बोलायचं नाही, हे त्यांना बाईंनीच शिकवलं होतं.