दगडातले केस

दुष्काळाच्या सालातली गोष्ट. औरंगाबादच्या एका कॉलेजात मी तेव्हा भूशास्त्र शिकवत होते. कन्नडकडचा बन्सी नावाचा शेतकरी आईला घेऊन प्रयोगशाळेत आला. त्याच्या आईनं, चतुराबाईंनी, पदराखालून काळा दगड काढून माझ्या टेबलावर ठेवला, झोपलेलं मूल ठेवावं तसा.

दगडाच्या पोकळीत पितळी पिवळे केस होते. मी भिंग लावलं. बोटाच्या पेराएवढे, पण इतके बारीक की माझ्या श्वासानं हलले. खिडकीतलं दुपारचं ऊन त्यांच्यावर पडलं होतं. मी किती वेळ बघत बसले कोण जाणे. भिंगाखाली पाणी दिसायला लागलं, आणि पाण्यात कुणीतरी वेणी सोडून बसलेलं.

"हिरीत गेली माझी आवडा. तीन वर्सं झाली," चतुराबाई म्हणाल्या. "औंदा हीर खोल केली तर हे निघालं. तिचे केस असेच पिवळट होते."

"बाई, तुमीच सांगा हिला," बन्सी वैतागला. "दर रविवारी दगडाला शिकेकाईनं न्हाऊ घालती!"

मला रागच आला. असल्या नाजूक सुया चोळायच्या? गळालेले केस चतुराबाईंनी चिंधीत बांधून ठेवले होते. दगडातला एकही तोडू देईनात. चिंधीतले चार मात्र दिले.

"लेकीचे हायेत का, तेवढं सांगा."

होय म्हणून टाकावं असं फार वाटलं. कुणाचं काय बिघडणार होतं? पण हात कामाला लागले होते. पांढऱ्या खरखरीत फरशीवर एक घासला, हिरवट काळी रेघ उमटली. दुसरा ज्योतीत धरला. जळक्या केसाचा वास कुणाला ठाऊक नसतो? चतुराबाई वाकून हुंगत राहिल्या. वास आला तो गंधकाचा, आणि सुई वितळून तिचा मणी झाला. उरलेले दोन आम्लात विरघळवले, अमोनिया घातला, निकेल ओळखायचं औषध टाकलं. काचेची नळी कुंकवासारखी लाल झाली.

"हे मिलेराइट," मी म्हणाले. माझाच आवाज मला लांबून आल्यासारखा वाटला. "निकेल आणि गंधक. दगडातच वाढतं. हे केस नाहीत, चतुराबाई."

त्या रडतील म्हणून मी पाण्याचा पेला भरून ठेवला होता. रडल्या नाहीत.

"म्हंजी ती खाली नाय?"

"नाही."

"दगडात अडकली नाय?"

"नाही हो."

त्यांनी मोठा श्वास सोडला. त्यांना ते केस आवडाचेच हवे आहेत, असं मी मूर्खासारखं धरून चालले होते.

दगड त्यांनी टेबलावरच राहू दिला. दारात थांबून म्हणाल्या, "सा महिने झाले, त्या हिरीचा घोट नाय घेतला मी. तिच्या अंगावरनं आल्यावानी वाटायचं पाणी. आज घरी गेले की पयली घागर मीच शेंदते."