अर्ध्या ऐनाचा रुपया

"हात नगा लावू, आप्पा. लांबूनच बघा."

साखराबाईनं रुपया पाटावर ठेवला. लातूरहून उदगीरला तेवढ्यासाठीच आलेले नाणेसंग्राहक नागप्पा डोळ्याला भिंग लावून वाकले. निजामाचा चांदीचा रुपया, काळपट पडलेला. चारमिनारच्या कमानीत उर्दू 'ऐन' अक्षर, पण अर्धंच.

"पुरा ऐन ढिगानं मिळतो, अक्का. अर्धा न्हाई मिळत. कधी घासला न्हाई ना?"

"न्हाई. चिंधीत होता."

"लई चांगलं केलं. घासला की मोल गेलं."

साखराबाई अंगणवाडीत मदतनीस होती. अकरा वर्षांपूर्वी नवरा नरसिंग दवाखान्यात असताना सासूचा असाच एक रुपया घेऊन ती याच माणसाकडे गेली होती. "साधा हाय, चांदीच्या वजनानं घेतो," नागप्पा म्हणाले होते. पैसे कमी पडले, ऑपरेशन लांबलं, नरसिंग गेला. गेल्या वर्षी लातूरच्या प्रदर्शनात तोच रुपया तिला काचेखाली दिसला. काठावरच्या खाचेवरून तिनं ओळखला. शेजारी चिठ्ठी होती: 'अर्धा ऐन. अतिदुर्मिळ.' घरी येऊन तिनं सासूची पेटी उपसली, तेव्हा हा दुसरा सापडला. लेकीकडून, रूपालीकडून, फोटो पाठवून तिनंच नागप्पांना बोलावलं होतं.

नागप्पांनी आकडा सांगितला. दारात उभ्या रूपालीनं आईकडे पाहिलं. तेवढ्या पैशांत घरावर स्लॅब पडला असता.

"आप्पा, खरं सांगा. त्या येळंला अक्षर दिसलं हुतं का तुमाला?"

नागप्पांनी भिंग पुसलं. परत पुसलं.

"दिसलं हुतं."

साखराबाईनं मागची वाटी पुढे ओढली. चिंचेचा कोळ आणि विटकरीची पूड. रुपया त्यात बुडवून ती अंगठ्यानं जोर लावून घासू लागली.

"अक्का! अवो, काय करायलाव! थांबा!" नागप्पा अर्धवट उठले. तिनं पाठ फिरवली. घासत राहिली. कमानीवर ओरखडे उठले. रुपया पांढराफेक निघाला. तो तिनं त्यांच्यापुढे टाकला.

"घ्या आता. चांदीच्या वजनानं."

नागप्पांनी तो उचलला नाही. चपला घालताना त्यांना पट्टा सापडेना.

ते गेल्यावर रूपाली म्हणाली, "आई, हे काय केलंस?"

साखराबाई मोरीत हात धूत होती. चिंचेनं बोटांच्या भेगा चुरचुरत होत्या. वाटलं होतं, आज हसू येईल, न्हाई तर रडू. काहीच आलं नाही. पदराला हात पुसून ती उद्याच्या खिचडीचे तांदूळ निवडायला बसली.