दुधी काच

"काकू, हलू नका हं! तिथूनच सांगा, आतलं काही दिसतंय का?"

समोरच्या घरातला नवरा खिडकीतून विचारत होता. काकूंनी हातातली ओली चादर आपल्या गॅलरीच्या कठड्यावर तशीच टाकली. गल्ली अरुंद, दोन घरांमध्ये जेमतेम दहा पावलांचं अंतर. समोरचं घर शंभरी उलटलेलं. सागवानी चौकटींना धक्का न लावता खिडक्यांच्या नि दाराच्या काचा तेवढ्या बदलायच्या होत्या. काचवाल्याने एक नमुना चौकटीला टेकवला. त्यामागे नवऱ्याने बायकोला उभं केलं होतं.

"ही नक्षीची," काचवाला म्हणाला.

"थोडंफार दिसतंय."

"मग नकोच ती. घरातलं घरात राहिलेलं बरं, काय काकू?" नवरा हसला. माणूस मोठा गोडबोल्या.

काकूंनी मान खाली घातली. वर्षभरात त्याच खिडकीतून त्यांनी त्याचा हात उगारलेला तीनदा पाहिला होता. पहिल्यांदा वाटलं, नवरा-बायकोचं आहे, आपण कशाला नाक खुपसा. दुसऱ्यांदा त्या खिडकीपाशी थांबल्या, पण कुकरची शिट्टी झाली आणि त्या आत वळल्या. तिसऱ्यांदा, भरदुपारी, बायकोने थेट त्यांच्याकडे पाहिलं. काकूंनी पडदा ओढून घेतला. पुढे ती वाण्याकडे भेटली, तेव्हा त्या तिच्याशी उन्हाळ्याबद्दल बोलत राहिल्या.

"आता ही दुधी," काचवाल्याने दुसरा नमुना लावला.

बायकोचा चेहरा गेला. पांढुरकी सावली तेवढी उरली.

"आता? आता दिसतं काही?" नवऱ्याने विचारलं.

नाही म्हटलं की सुटका होती. त्याची, आणि काकूंचीही.

"दिसतं," त्या म्हणाल्या.

"काय सांगता? यातून?" काचवाला चक्रावला.

"यातून नाही. आजवर दिसत होतं. सगळं. मीच गप्प बसले."

नवऱ्याचं हसू ओठांवरच थिजलं. काचवाल्याने नमुना हळूच खाली घेतला. मागे ती उभी होती, त्यांच्याकडेच बघत. काकूंना तिच्या नजरेला नजर देता येईना. त्या तशाच जिना उतरल्या, गल्ली ओलांडून त्यांनी समोरची कडी वाजवली.

वरून नवऱ्याचा चढलेला आवाज आला, मग काचवाल्याचा, "अहो साहेब, जाऊ द्या वहिनींना."

दार तिनेच उघडलं. तिच्या पायांत चपला घातलेल्या होत्या.