रक्तात एक, हाडात एक

"जोडव्याला हात लावायचा न्हाई सांगतीया!" स्ट्रेचरवरच्या रंगुबाईंनी पाय आखडून घेतला. सिस्टर कातर घेऊन मागे सरकल्या आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी सलिमा. सांगलीतल्या या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये जंतू वाढवून तपासते. तोंडाची फटकळ आहे, सगळा वॉर्ड जाणतो; म्हणून पेशंट अडला की समजावायला मलाच बोलावतात. पण त्या सकाळी माझाही जीव थाऱ्यावर नव्हता. रंगुबाईंना शुगर. जोडव्याखाली घासून जखम झाली, तर बाईंनी जोडवं तसंच ठेवून वरून हळद दाबली आणि चिंधी बांधली. नवरा जिवंत असताना जोडवं काढायचं कसं! जंतू रक्तात गेला, तापाने फणफणल्या. औषधाने ताप उतरला, पण बोट काळं पडत चाललं होतं. आज बोट काढलं तरच पाऊल वाचेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"आवं ताई, रक्ताचा रिपोर्ट तुमीच दिला न्हवं?" त्यांचे मालक नानासो म्हणाले. कुपवाडच्या कारखान्यात लेथ मशीनवर उभा जन्म काढलेला माणूस. "जंतू न्हाई म्हणून लिवलंय. मग बोट कशापायी कापायचं?"

"रक्तात आता नाही ओ काका. हाडात बसलाय. जखमेच्या तळाच्या हाडातनं नमुना घेतला, लॅबमध्ये खाऊ घातल्यावर त्यात वाढला."

"त्योच?"

"तोच. मावशी, माहेरी वागायचा तशाच सासरी वागायचा का तुम्ही?"

"काय बोलतीयास? सासरी तोंड शिवून बसाय लागायचं."

"बाई तीच, वागणं निराळं. जंतूचंही तसंच. त्याच्यात हजारो जनुकं असतात, म्हणजे काय काम करायचं ते सांगणारे हुकूम. कुठला चालू, कुठला बंद, ते जागा बघून ठरतं. रक्तात भराभरा वाढत होता, विष सोडत होता, म्हणून औषधाला सापडला. हाडात गेल्यावर ते हुकूम बंद केले. आता चिकटून बसलाय, अंगावर बुळबुळीत थर घेतलाय. तिथं जवळजवळ वाढतच नाही, तर औषध त्याला लागणार कसं?"

"लय बेरकी हाय की मुडदा," रंगुबाई पुटपुटल्या. कुणी हसलं नाही.

"आन न्हाई कापलं तर?" नानासोंनी विचारलं.

"मग घोट्यापासून पाय. कदाचित आणखी वरून."

रंगुबाईंनी आखडलेला पाय सरळ केला.

"कापा," त्या म्हणाल्या. "पन जोडवं परक्यानं काढायचं न्हाई. ह्यास्नी सांगा."

सिस्टरांनी कातर नानासोंच्या हातात दिली. जन्मभर लोखंड कापलेला हात, पण कातर काही जोडव्यात शिरेना.

"आगं, माझ्याच्यानं न्हाई हुयाचं."

"हुतंय. तुमी जित्तं हायसा, मी जित्ती हाय. कापा आता."

चांदी तुटली. रंगुबाईंनी डोळे मिटले नाहीत.

"दुसऱ्या पायातलं बी काढा," त्या म्हणाल्या. "एकटं कशाला ठेवायचं?"

नानासोंनी कातर सिस्टरांना परत दिली. तो दुसरा पाय त्यांनी जोडव्यासकट चादरीखाली नीट झाकला, आणि स्ट्रेचरची कड धरून ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत चालत गेले.