मागाहून येणाऱ्या चिठ्ठ्या

रुग्णालयाच्या औषधांच्या स्टोअरमध्ये एकोणीस वर्षं काढलेल्या बाईंना सगळे स्टोअरताईच म्हणायचे. तिथलं नवं सॉफ्टवेअर करायचं काम त्यांच्या धाकट्या दिराच्या कंपनीकडे आलं, तेव्हा तो मुद्दाम घरी येऊन म्हणाला, "वहिनी, वापरणार तुम्ही, तर ठरवायचंही तुम्हीच. दर पंधरा दिवसांनी थोडं थोडं करून दाखवू. खटकेल ते बेधडक सांगा."

ताईंना आधी खरं वाटेना. पण पंधरवड्यानं तो खरंच लॅपटॉप घेऊन काउंटरपाशी येऊन बसला. त्या म्हणाल्या, अक्षर बारीक आहे. पुढच्या खेपेला मोठं झालं. म्हणाल्या, हातमोजे घालून एवढंसं बटण दाबलं जात नाही. बटण चांगलं ऐसपैस झालं. ताई हरखून गेल्या. इतक्या वर्षांत त्यांना असं कुणी विचारलंच नव्हतं. मग त्यांनी हातचं काही राखलं नाही. पेशंट अत्यवस्थ असला की सिस्टर धावत येते, औषध तसंच देतो, डॉक्टरांची चिठ्ठी मागाहून येते, हेही सांगून टाकलं.

"नियमात बसत नाही हो भाऊजी, पण त्यानं माणसं वाचतात. तेवढी वाट मोकळी ठेवा."

"ठेवतो ना," म्हणत त्यानं टिपून घेतलं.

पाचव्या खेपेला सॉफ्टवेअर काउंटरवर चालू झालं, त्यात ती वाट होती. जोडीला एक यादीही होती, पण ती फक्त रुग्णालयाच्या अधीक्षकांना दिसायची: चिठ्ठीशिवाय औषध कुणी, कधी, किती वेळा नेलं. त्या आठवड्यात सहा सिस्टरना मेमो मिळाले. त्यातली एक रोज ताईंबरोबर डबा खायची. ती काउंटरवर येऊन एवढंच म्हणाली, "हे बाहेर कुणाला ठाऊक नव्हतं, ताई." दुपारी ती डबा खायला आली नाही.

ताईंनी दिराला फोन लावला.

"वहिनी, अधीक्षकांनी मागितलं. पंधरा दिवसांत द्यायचं होतं. तुम्हाला विचारायला वेळ कुठे होता?"

"बटण केवढं हवं, ते विचारायला होता."

ताईंनी फोन ठेवला.

ताई तडक अधीक्षकांकडे गेल्या. औषधं मी दिली, मेमो मला द्या, म्हणाल्या. अधीक्षकांनी सातवा मेमो त्यांच्या नावानं काढला. आधीचे सहा तसेच राहिले.

पुढच्या खेपेला दीर आला, तो नजर चुकवतच. "बोला वहिनी. काय खटकतंय?"

"काही नाही. सगळं छान आहे."

त्यानं ते तसंच लिहिलं, आणि ताई पाठ फिरवून सलाइनचे खोके लावायला लागल्या.