मुक्या सुनेचा एकच टेक

तीन वर्षं माझी भाची मालिकेत मुकी सून होती. सातशे भाग झाले, तोंडून एक शब्द नाही. सेटवरच्यांना इतकी सवय झाली होती की चहा हवा का, हेसुद्धा तिला खुणेनं विचारायचे. ती म्हणायची, "अहो, मला बोलता येतं!" तरी पुढच्या वेळी पुन्हा हातवारे.

आणि पोरगी मुळात गाणारी! मी तिथंच कपडेपट सांभाळते, म्हणून मला माहीत. बाकी कुणाच्या गावीही नव्हतं.

शेवटी कथेत सुनेला वाचा फुटायची वेळ आली. आजारी सासूच्या उशाशी ती अंगाई गाणार होती. गाणं एका नामांकित गायिकेच्या आवाजात तयार होतं. हिनं नुसते ओठ हलवायचे. हिनं दिग्दर्शकालाच गाठलं.

"सर, मीच गाते."

"तू गातेस?"

"ऐका तरी."

त्यानं घड्याळ बघितलं. भाग त्याच संध्याकाळी दाखवायचा होता. "एकच टेक. जमलं तर तुझा आवाज, नाही तर ओठ हलवायचे. मग कुरकुर नको."

मी तिचा पदर टाचत होते.

"मावशी, पिन टोचतेय!"

"मग ओरड की. आज परवानगी आहे!"

दिवे लागले. सासूचं काम करणाऱ्या ताई पांघरुणात पडल्या होत्या. भाचीनं त्यांच्या छातीवर डोकं टेकलं आणि पहिला सूर लावला. काय सांगू! शिडीवरचा दिवेवाला होता तिथंच बसला. मी पिनांची डबी घट्ट धरून उभी.

"कट!" टाळ्यांनी सेट दणाणला.

तेवढ्यात आवाजवाला पांढराफटक पडला. "सर... हिला माईकच लावला नाही. मुकीला कशाला, या सवयीनं..."

चूक माझीही होतीच. तिच्या कपड्यात माईकसाठी जागा ठेवायची असते, हे मीही विसरले होते.

दिग्दर्शकानं कपाळाला हात लावला. "ठरलं ते ठरलं. त्या गायिकेची टेप लावा."

भाची पुन्हा मुकी.

आजारी सासू ताडकन उठून बसली. "अरे शहाण्या, माझा माईक कुठंय?"

"तुमच्या... छातीवर."

"आणि ही कुठं डोकं टेकून गात होती?"

आवाजवाला धावत सुटला. हेडफोन कानाला लावला, डोळे मिटले, आणि तो दिग्दर्शकाच्या कानांवर चढवला. आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होतो. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं.

"आवाज हिचाच जाणार," तो म्हणाला. "फक्त मधे एक हुंदका आलाय."

"माझा आहे तो," ताई म्हणाल्या. "कापलास तर उद्यापासून मी मुकी!"

मी भाचीला कवटाळायला धावले, पण आवाजवाला आधी पोचला. तिच्या पदराला माईक लावू लागला.

"अहो, आता कशाला? सीन संपला."

"असू दे," तो म्हणाला. "माझ्या हाताला सवय लागू दे."